कबूतर जाईल, असे लिहून देता येत नाही

उपद्रवी पक्षी-प्राण्यांच्या बंदोबस्ताचे काम हाती घेण्याआधी नेमके काय करायचे, किती पैशांत, किती दिवसांत, आणि कशाची हमी नाही, हे कागदावर उतरवून दोन्ही बाजूंच्या सह्या घेणे म्हणजे या धंद्यातला लेखी करार. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात त्याला करार म्हणणारे थोडेच. कोणी ‘कोटेशन’ म्हणते, कोणी ‘एएमसीचा’, म्हणजे वार्षिक देखभालीचा, कागद. जुने कापड व्यापारी नुसते ‘चिठ्ठी’ म्हणून मोकळे होतात. नाव काहीही असो, त्या कागदावर काय लिहिता येते आणि काय येत नाही, हे कळायला हा धंदा करणाऱ्याची पहिली दोन-तीन वर्षे जातात. ते बहुधा बुडालेल्या पैशांतूनच शिकलेले असते.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत या कामाला स्वतंत्र परवाना लागतो. घराच्या माळ्यावर शिरलेला रॅकून किंवा धुराड्यातली वटवाघळे काढणारा माणूस तिथे परवानाधारक असतो आणि बहुधा छापील कराराशिवाय शिडी लावत नाही. भारतात असा वेगळा परवाना नाही. कीटकनाशक वापरणाऱ्याला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, तेवढाच. त्यामुळे बऱ्हाणपुरात वाळवी आणि झुरळांचे काम करणाराच कबुतरांची जाळी लावतो, मोहोळ उतरवून देतो, आणि माकड, साप, रानडुक्कर यांच्यासाठीही फोन त्यालाच येतो. मालक, दोन-तीन पोरे, ॲल्युमिनियमची शिडी, दोरखंड, ड्रिल आणि सामान वाहायला एखादी लोडिंग रिक्षा एवढा सगळा संसार.

कामे मात्र तऱ्हेतऱ्हेची. यंत्रमागांच्या शेडमध्ये कबुतरे. जुन्या शहरातल्या लाकडी माळवदाच्या घरांत घुशी, वटवाघळे आणि क्वचित उदमांजर. बँकेच्या किंवा शाळेच्या छज्ज्याखाली आणि पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ. तापीकाठच्या बागांत माकडे. शहराबाहेर पडले की केळीचे मळे आणि त्यांत रात्री उतरणारी रानडुकरे व नीलगाई. तापीपलीकडे, जैनाबादच्या बाजूला, मोगलांचा आहुखाना आहे. आहुखाना म्हणजे हरणांचे आवार. मुमताज महलला १६३१ साली प्रथम तिथेच दफन केले होते. जनावर आत राहावे म्हणून भिंत घालायचे दिवस होते ते. आता सगळा खर्च जनावर बाहेर राहावे म्हणून.

करारात काय लिहायचे त्याआधी काय लिहायचे नाही ते ठरवावे लागते, आणि ते कायदा ठरवतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे ९ वे कलम अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार करायला बंदी घालते. शिकार म्हणजे बंदूक, एवढाच अर्थ नव्हे. कायद्याच्या व्याख्येत पकडणे, सापळा लावणे, हाकून नेणे हेही शिकारीतच मोडते. पक्षी आणि सरपटणारे प्राणी असतील तर अंडी व घरटी मोडणेसुद्धा. नाग, घोणस, धामण हे सगळे अनुसूचीत आहेत. तेव्हा ‘कारखान्यातील साप पकडून देणे, दर प्रति नग’ अशी ओळ कोणी लिहिली तर ते काम बेकायदा ठरतेच, शिवाय १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे तो करारच शून्य ठरतो. ज्याचा उद्देश कायद्याने मना केलेला आहे अशा कराराचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. कागद केला म्हणजे काम कायदेशीर झाले, अशी एक भाबडी समजूत या धंद्यात नव्याने येणाऱ्यांची असते. उलट अशा वेळी कागद हा स्वतःविरुद्ध स्वतःच लिहून दिलेला पुरावा होतो.

म्हणून साप निघाला की वनविभागाला कळवायचे, आणि करार करायचा तो साप ज्या वाटेने आला त्या वाटेचा. मोरीच्या तोंडाला जाळी, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, भिंतीलगतच्या बिळांना सिमेंट, आणि सापाला बोलावणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त. हे सगळे लिहिता येते, मोजता येते आणि त्याचे बिलही करता येते. या एका अदलाबदलीवर सगळा धंदा उभा आहे: ग्राहक जनावराबद्दल बोलत असतो आणि कागद भिंतीबद्दल बोलतो.

माकडांच्या बाबतीत ही अदलाबदल नीट केली नाही तर मोठा घोटाळा होतो. बऱ्हाणपूरच्या हिंदीत ‘बंदर’ म्हटले की लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर दोन्ही त्यात येतात. देशाच्या पश्चिम भागात लाल तोंडाच्या माकडाच्या प्रदेशाची दक्षिण सीमा म्हणून प्राणिशास्त्राची जुनी पुस्तके तापीच दाखवतात. म्हणजे हे शहर त्या सीमेवरच वसलेले आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूची सहावरून चारवर आल्या आणि लाल तोंडाचे माकड अनुसूचीतून बाहेर गेले. काळ्या तोंडाचे वानर आतच राहिले. तेव्हा ‘बंदरों का बंदोबस्त’ एवढेच लिहिलेल्या कागदावर सही करणारा माणूस एका प्राण्याबाबत सुटतो आणि दुसऱ्याबाबत गुन्ह्यात सापडतो. मराठीत माकड आणि वानर हे दोन शब्द वेगळे आहेत, ही इथे भाषेची श्रीमंती नसून व्यवहाराची सोय आहे. अनुसूचीबाहेर गेलेल्या माकडालाही १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहेच. शिवाय पकडून पलीकडच्या गावात नेऊन सोडलेली टोळी त्या गावाची डोकेदुखी होते, आणि ते गाव रिक्षाचा नंबर लक्षात ठेवते. शहाणा व्यावसायिक म्हणून माकड पकडण्याच्या वाटेला जात नाही. पाण्याच्या टाकीला कुलपाचे झाकण, गच्चीच्या दाराला लोखंडी जाळी, सौर पॅनेलच्या वायरींना पाइप, एवढे लिहून देतो.

उपद्रवी म्हणून एखाद्या प्राण्याला ठरावीक भागापुरते आणि मुदतीपुरते संरक्षणाबाहेर काढण्याचा अधिकार वन्यजीव अधिनियमाच्या ६२ व्या कलमाने केंद्र सरकारला आहे. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड अशा अधिसूचना २०१५-१६ मध्ये निघाल्या होत्या. ११ व्या कलमाने मुख्य वन्यजीव रक्षकालाही विशिष्ट परिस्थितीत परवानगी देता येते. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये शाजापूरकडे काळवीट आणि नीलगाई हेलिकॉप्टरने हाकून, ‘बोमा’ नावाच्या नरसाळ्यासारख्या कुंपणात घेऊन वनविभागाने दुसरीकडे हलवल्या. जनावर खरोखर उचलून न्यायचे तर इतका पसारा लागतो. तो सरकारचा. खासगी करारात त्याची सावलीही पडू नये.

आता भाषेचा प्रश्न. बऱ्हाणपूर २००३ पासून जिल्हा आहे, कचेरीची भाषा हिंदी. पण घरोघरी मराठी, अहिराणी, उर्दू, निमाडी, गुजरी अशी सरमिसळ. करार हिंदीत छापलेला असतो आणि वाचणारा पुष्कळदा मराठीत वाचतो. दोन्हीची लिपी एकच असल्यामुळे फसगत अधिक. हिंदीत ‘अनुबंध’ म्हणजे करार. मराठी कानाला तो ऋणानुबंधातला वाटतो आणि ऐकायला गोड लागतो. तिथवर ठीक. पण ‘सात दिन में कोई आपत्ति न होने पर कार्य स्वीकृत माना जाएगा’ या ओळीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. मराठी घरातल्या आजी ती वाचतात ‘आपत्ती’ अशी, म्हणजे पूर, आग, भूकंप. सात दिवसांत तसे काही घडत नाही, आजी निश्चिंत राहतात, आणि आठव्या दिवशी जाळीचा कोपरा सुटल्याचे सांगायला फोन करतात तेव्हा मुदत संपलेली असते. याच्या उलटही होते. मराठी मसुद्यात ‘तक्रार असल्यास कळवावी’ असे लिहिले की हिंदी वाचणाऱ्याला ‘तकरार’ दिसते, म्हणजे भांडण. पहिल्याच पानावर भांडणाची भाषा कशाला, असे त्याला वाटते. ‘प्रमाण’ हिंदीत पुरावा, मराठीत मोजमाप. यावरचा उपाय साधा आहे आणि पुष्कळ उशिरा सुचतो: महत्त्वाच्या पाच-सहा ओळी बोलीत लिहायच्या आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायच्या. ‘काही बिघडलं तर सात दिवसांत सांगा.’ एवढ्याने भागते. वकिली शब्दांनी कागद भारदस्त होतो, पण भांडण मिटायचे ते बोलीतल्या ओळीनेच मिटते.

हमीची ओळ ही या करारातली सगळ्यात अवघड जागा. ती समजायला यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरावे लागते. पत्र्याचे उंच छप्पर, भिंतींच्या वरच्या अंगाला रोशनदानांची रांग, खाली खडखडणारे माग. कबुतरे कैच्यांवर बसतात आणि मागावरच्या ताण्यावर, गुंडाळलेल्या कोऱ्या कापडावर विष्ठा पडते. एका डागाने थानाचा भाव उतरतो. शेठ घायकुतीला आलेले असतात आणि त्यांचा प्रश्न एकच: ‘कबूतर जाएगा कि नहीं, इतना बोलो.’ नवा माणूस म्हणतो, ‘जाएगा’, आणि कागदावर लिहितो, ‘कबूतरों से पूर्ण मुक्ति, एक वर्ष की गॅरंटी.’

जाळी लागते, काम नीट झालेले असते. तीन आठवड्यांनी शेठचा फोन येतो: दोन कबुतरे आत आहेत. जाऊन पाहावे तर जाळीला कुठेही भोक नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सूत उतरवण्यासाठी शटर उघडे राहते, कबुतरे चालत आत येतात आणि वर जाऊन बसतात. आता जाळी त्यांना बाहेर जाऊ देत नाही. लावणारा म्हणतो जाळी शाबूत आहे. शेठ कागदावर बोट ठेवून म्हणतात, इथे जाळी कुठे लिहिली आहे, इथे तर मुक्ती लिहिली आहे. आणि शेठचे खरे असते. राहिलेली निम्मी रक्कम अडकते ती त्या एका शब्दापायी.

दुसऱ्या वेळचा कागद वेगळा होतो. त्यात शेडचा हाताने काढलेला नकाशा असतो. पूर्वेची रोशनदाने इतकी, पश्चिमेची इतकी, एक्झॉस्ट पंख्याची मोकळी जागा, पन्हळीखालच्या फटी, प्रत्येकाला आकडा दिलेला. जाळी कोणती तेही: नायलॉनची, उन्हाने न कुजणारी, ५० मिलिमीटर चौकटीची. चिमण्याही अडवायच्या असतील तर १९ मिलिमीटरची, आणि तिचा दर वेगळा. हमी कशाची, तर आकडा दिलेल्या जागांवरची जाळी वर्षभर सुटणार नाही, फाटणार नाही, आणि सुटली तर तीन दिवसांत फुकट बांधून मिळेल याची. शटरची जबाबदारी कारखान्याची. आत अडकलेले पाखरू बाहेर काढायला बोलावल्यास फेरीचा आकार वेगळा. शेठ हा कागद वाचून थोडे हिरमुसतात, कारण त्यांना हवे असलेले वाक्य त्यात नसते. पण आकडे मोजून घेतात आणि पुढे तेच आकडे मोजून पैसेही देतात.

शेडच्या कामात आणखी एक कलम असते, जाळीच्या दरापेक्षाही महागाचे. वरून घरटी आणि वाळलेली विष्ठा काढताना जी धूळ पडते ती ताण्यावर बसते. मागांवर ताडपत्री कोणी घालायची, ती कोणाची, आणि माग किती तास बंद ठेवायचे? हे न लिहिता काम सुरू केले की दुपारी बारा वाजता शेडमध्ये वादावादी ठरलेली, कारण माग बंद म्हणजे मजुरी बंद. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करायचे असे लिहिले की निम्मा प्रश्न सुटतो. विष्ठा कोरडी झाडायची नाही, आधी पाणी मारून भिजवायची, पोरांनी मास्क बांधायचा, हेही लिहिलेले बरे. त्या धुळीतून फुफ्फुसाचे बुरशीजन्य आजार होऊ शकतात. मुंबईत दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्री घालून बंद केला गेला तेव्हा हा विषय घरोघरी पोहोचला. त्यानंतर निदान मास्क बांधलेल्या पोरांकडे पाहून कोणी हसत नाही.

आणि पिल्ले. कबुतराची अंडी साधारण १७ ते १९ दिवसांत उबतात, पिल्लू महिनाभरात उडते, आणि ही जोडी वर्षभर कधीही अंडी घालते. घरट्यावर जाळी ठोकली तर पिल्लू आत मरते. ते क्रूर तर आहेच, पण दुर्गंधीचा फोनही लावणाऱ्यालाच येतो. म्हणून ‘अंडी-पिल्ले असलेल्या जागा शेवटी बंद होतील, त्यासाठी दीड-दोन महिन्यांपर्यंत दुसरी फेरी’ असे कलम घालावे लागते. ग्राहकाला ही दिरंगाई वाटते. पहिल्या भेटीतच शिडीवर चढवून दोन गुलाबी, पिसे न फुटलेली पिल्ले दाखवली की बहुतेकांचा विरोध मावळतो. कागदाने जे होत नाही ते कधी कधी शिडीने होते.

आग्या मोहोळाचे काम रात्रीचे, धुराचे, थोड्या वेळाचे. त्याचा करार अर्ध्या पानाचा, पण एक ओळ विसरली की वर्षभर कटकट. ही माशी ऋतूप्रमाणे जागा बदलते आणि पुढच्या हंगामात त्याच छज्ज्याला परत लटकते. मोहोळ उतरवले, याचा अर्थ पुन्हा बसणार नाही असा होत नाही. तेव्हा ‘हे एक मोहोळ उतरवणे’ असे आकड्यात लिहायचे. दुसरी ओळ मधाची. उतरलेला मध कोणाचा? रीत म्हणाल तर अर्धा घरधन्याचा, अर्धा उतरवणाऱ्याचा. पण रीत प्रत्येकाला आपापल्या सोयीने आठवते. शाळेच्या छज्ज्यावरचा मध शिपायाचा, मुख्याध्यापकांचा की कामगारांचा, यावर कामाच्या मजुरीपेक्षा मोठे रुसवे-फुगवे झालेले आहेत. आणि ग्राहकाच्या आग्रहाने विषारी फवारा मारून मोहोळ पाडले असेल तर तो मध कोणीच खायचा नाही, पोळे नष्ट करायचे, हे ठळक लिहावे लागते. फवाऱ्याचे काम स्वस्त पडते. ते नाकारण्याची मुभा स्वतःकडे राखून ठेवणारी ओळ चांगल्या कागदात असते.

पडझडीचे कलम सगळीकडे सारखे. सिमेंटचा जुना पत्रा पाय पडताच फुटतो. तो आधीच तडकलेला होता की आज फुटला, हे ठरवायला कामाआधी मोबाइलवर काढलेले फोटो लागतात, आणि ते ग्राहकाला तेव्हाच व्हॉट्सॲपवर पाठवलेले असावे लागतात. नंतर पाठवलेल्या फोटोला किंमत नाही. शेजारून वीजवाहिनी जात असेल तर कामापुरती वीज बंद करून घेणे कोणाकडे, तेही ठरवावे. उंचावरून पोरगा पडला तर नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी आधी त्याला कामावर ठेवणाऱ्याची. ‘अपघात झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ असे पोराकडून लिहून घेतले तरी ती टळत नाही. असे कागद लिहून घेतले जातात. त्यांचा उपयोग घेणाऱ्याच्या मनाच्या समाधानापुरता. शाही किल्ला किंवा असीरगडासारख्या संरक्षित वास्तूत तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीवाचून खिळाही ठोकता येत नाही, मग छताला वटवाघळांचा कितीही वास असो.

शेताचा करार वेगळ्या प्रकृतीचा. केळीच्या मळ्यात रानडुक्कर कंद उकरते, नीलगाय कोवळे पान खाते. शेतकऱ्याला हवे असते ‘झटका मशीन’: बॅटरी, सौर पॅनेल आणि सेकंदागणिक क्षणभर झटका देणारी तार. इथेही ‘डुक्कर येणार नाही’ असे लिहीत नाहीत. किती मीटर, किती तारा, सर्वांत खालची तार जमिनीपासून किती, एवढेच लिहायचे. डुक्कर खालून घुसते म्हणून तार वीतभर उंचीवर हवी. नीलगाय वरून उडी मारते म्हणून वरची तार छातीच्या वर हवी. दोन जनावरे म्हणजे दोन दर. या करारातली किल्ली मात्र गवतात आहे. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन नुसते टिकटिकत राहते. ‘तारेखालचे गवत शेतकऱ्याने काढायचे’ ही ओळ नसेल तर भादव्यात फोन येतो की मशीन बोगस आहे. आणि तारेला घरची वीज थेट जोडणार नाही, हे शेतकऱ्याच्या सहीने लिहून घ्यावे लागते. तशा तारेने जनावर मरते, तसाच रात्री पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो; मग तार कोणी ओढून दिली याची चौकशी होते. पिकाचे नुकसान आधीच झाले असेल तर त्याची भरपाई हा महसूल खात्याचा विषय आहे, मध्य प्रदेशात ती महसूल पुस्तक परिपत्रक ६(४) प्रमाणे मिळते. पंचनाम्याआधी कुंपणवाल्याने शेतात काही हलवू नये, हे कागदात लिहायला विसरणारे पुष्कळ.

पैशांच्या कलमात बऱ्हाणपूरची रीत आणि कायदा यांची गाठ पडते. इथला कापडाचा व्यवहार उधारीवर आणि जबानीवर चालत आलेला आहे. सही मागितली की ‘भरोसा नहीं क्या?’ हा प्रश्न येतो आणि तो खरोखर दुखावल्या स्वरात येतो. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, हे खरे. शेठ व्हॉट्सॲपवर ‘ठीक है, शुरू करो’ लिहितात तेही चालते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार वैध धरला आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडले की तो निरोप पुराव्यातही येतो. अडचण एवढीच की ‘ठीक है’ कशाला म्हटले ते त्याच्या वरच्या निरोपात असावे लागते, आणि वर बहुधा ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब असतात.

एक गंमत सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या सेवा पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर मात्र १५ दिवसांत. म्हणजे या एका बाबतीत कागद नसणे हे काम करणाऱ्याच्या फायद्याचे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. छोटे शेठ हे मनावर घेत नव्हते. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरात अशी थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येईनाशी झाली, तेव्हापासून मार्च उजाडला की शेठचे सीए स्वतःच कागद मागू लागले. भरोशाचा प्रश्न तिथे कोणी काढत नाही. चालणारी पद्धत अशी: निम्मे पैसे सामान आणण्याआधी, बाकी काम संपल्यावर, आणि वार्षिक देखभालीचे तिमाही. मोठ्या वार्षिक कामाला ई-स्टॅम्प, लहान कामाला कोरा कागद. पुरेसा मुद्रांक नसलेला कागद कोर्टात मांडायचा तर शुल्क आणि दंड आधी भरावा लागतो. महाराष्ट्रातल्या रावेर किंवा सावद्याचे काम घेतले की राज्य बदलते, तेव्हा ‘वाद झाल्यास बऱ्हाणपूरचे न्यायालय’ ही ओळ घालतात. तासाभराच्या अंतरासाठी ती अगोचर वाटते, पण जळगावला तारखेला जाऊन आलेला माणूस ती कधी गाळत नाही.

घरगुती ग्राहकाचा कागद एका पानाचा असावा. त्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि त्या कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आहे. भरमसाट अनामत, भंगाच्या मानाने अवाजवी दंड, एका बाजूने केव्हाही करार मोडण्याचा हक्क अशी कलमे त्यात अडकतात. कबुतराच्या जाळीसाठी चार पानी बारीक अक्षरातला मसुदा पुढे करणारे आहेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी मसुद्यात स्कंक आणि रॅकूनची नावे तशीच राहिलेली असतात. असा कागद ग्राहक वाचत नाही, आणि देणाऱ्यानेही वाचलेला नसतो.

काम संपले की दुसरा छोटा कागद निघतो, कामपूर्तीचा. आकडा दिलेल्या प्रत्येक जागेचा फोटो, ग्राहकाची सही, तारीख. हमीचे वर्ष या तारखेपासून मोजतात, कराराच्या तारखेपासून नव्हे. पिल्लांमुळे मागे राहिलेल्या जागांची तारीख वेगळी. थकबाकीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असल्याने दोन्ही कागद किमान तेवढे दिवस जपून ठेवावे लागतात. बहुतेकांकडे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, रिक्षाच्या सीटखाली, ड्रिलच्या बिटांशेजारी असतात. वर्ष भरत आले की पहिल्या कागदावरचा नकाशा घेऊन शेडची पुन्हा फेरी होते, फाटलेल्या जागांवर लाल पेनाने खूण होते, आणि नूतनीकरणाचा दर त्या खुणा मोजून ठरतो.